वादी कोणास म्हणावे?

‘शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये’ हे वाक्य मराठी घरांतून इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, त्यात दडलेले गृहीत कोणाच्या ध्यानातही येत नाही. पायरी चढणारा तो शहाणा नव्हे, असा निकाल या वाक्याने आधीच देऊन टाकलेला असतो. भाषेनेही त्याला हातभार लावला आहे. ‘वाद’ म्हणजे भांडण, तेव्हा ‘वादी’ म्हणजे भांडखोर, असा अर्थ लोकांच्या मनात नकळत रुजला आहे. विश्वासाने दिलेले हातउसने पैसे परत मिळावेत म्हणून कोणी कारकून दावा लावतो, वडिलार्जित घरातील हिश्शासाठी एखादी बहीण भावांना न्यायालयात खेचते, तेव्हा शेजारपाजारचे लोक ‘कशाला या नादी लागलात?’ असे त्या दावा लावणाऱ्यालाच विचारतात. पैसे बुडवणाऱ्याला किंवा हिस्सा दाबून बसलेल्याला असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

संगीतात मात्र या शब्दाला केवढा मान आहे! रागाचा वादी स्वर हा त्या रागाचा राजा समजला जातो; संवादी हा त्याचा प्रधान आणि विवादी हा शत्रू. राजवैभवाचा हा शब्द न्यायालयाच्या आवारात शिरताच केविलवाणा का होतो, हा केवळ भाषेचा प्रश्न नाही. त्याच्या मुळाशी कायदा आहे, इतिहास आहे आणि त्याहूनही अधिक अर्थकारण आहे.

दाव्याचा धनी

प्रथम कायद्यातील अर्थ पाहू. दिवाणी न्यायालयांचे कामकाज आजही मुख्यतः १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार चालते. वादपत्र दाखल झाले की दावा सुरू होतो आणि ते वादपत्र ज्याच्या नावाने दाखल होते तो वादी. ज्याच्याविरुद्ध ते दाखल होते तो प्रतिवादी. इतका हा साधा अर्थ आहे. वादीचे म्हणणे खरे आहे, त्याच्यावर अन्याय झाला आहे, असे या शब्दातून मुळीच सूचित होत नाही. कोणी प्रथम न्यायालयाचे दार ठोठावले, एवढेच तो सांगतो.

वादी आणि फिर्यादी या शब्दांची व्यवहारात नेहमी गल्लत होते. चोरी, मारहाण, फसवणूक अशा गुन्ह्यांत खटला चालवते ते सामान्यतः सरकार. ज्याचे नुकसान झाले तो फिर्याद देतो आणि पुढे साक्षीदार म्हणून उभा राहतो. खटल्याची सूत्रे त्याच्या हाती नसतात. दिवाणी दाव्यात स्थिती याच्या उलट असते. प्रतिवादी कोणाला करायचे, कोणती दाद मागायची, किती रकमेची मागणी करायची, हे वादी ठरवतो. तडजोड करावयाची की दावा मागे घ्यावयाचा, हेही मुख्यतः त्याच्याच इच्छेवर अवलंबून असते. म्हणूनच कायदेपंडित वादीला ‘दाव्याचा धनी’ म्हणतात.

परंतु या धनीपणाची किंमतही त्यालाच मोजावी लागते. हातउसन्या पैशांचा दावा ३ वर्षांच्या मुदतीत लावला पाहिजे. मालकी हक्काच्या आधारे स्थावर मिळकतीचा ताबा मागायचा तर मुदत १२ वर्षांची. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातील ही बंधने चुकली, तर सत्य त्याच्या बाजूला असूनही दावा फेटाळला जातो. एकाच कारणावरून उद्भवलेल्या मागणीचा काही भाग तो पहिल्या दाव्यात मागायचा विसरला, तर त्या भागासाठी पुन्हा दावा लावता येत नाही. पुकारा झाला आणि प्रतिवादी हजर असून वादी गैरहजर राहिला, तर दावा काढून टाकला जातो. सरकारविरुद्ध दावा असेल तर एरवी २ महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जो हक्क सांगतो त्याने तो सिद्ध करावा, हे पुराव्याच्या कायद्याचे मूलतत्त्व. १८७२ च्या कायद्यातील हे तत्त्व २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. प्रतिवादीने नुसते ‘मला मान्य नाही’ म्हटले तरी वादीच्या डोक्यावर पुराव्याचे ओझे चढते.

अग्रवादी आणि हरकी

हे ओझे नवे नाही. मराठेशाहीतील न्यायनिवाड्यांच्या कागदपत्रांत वादीला ‘अग्रवादी’ आणि प्रतिवादीला ‘पश्चिमवादी’ म्हटलेले आढळते. आधी बोलणारा तो अग्रवादी, मागाहून उत्तर देणारा तो पश्चिमवादी. वतनाचे, शिवेचे, वडीलपणाच्या मानाचे तंटे गोतसभेपुढे येत, उभय पक्षांच्या तकरिरा लिहून घेतल्या जात आणि निकालाचा महजर होई. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जातीची उतरंड तिच्या पायातच होती आणि दिव्यासारख्या कसोट्याही तिला मान्य होत्या. तरीही अर्थशास्त्राच्या दृष्टीने तिच्यातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जिंकणाऱ्याकडून सरकार ‘हरकी’ घेई आणि हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’. म्हणजे सरकारचा हा मुख्य आकार निकालानंतर वसूल होत असे.

इंग्रजी अमलात हा क्रम उलटला. मुद्रांक आधी, न्याय मागाहून. आजही वादपत्रावर दाव्याच्या मूल्याच्या प्रमाणात न्यायालय शुल्क भरल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. महाराष्ट्रातील दरांची रचना अशी आहे की, दाव्याची रक्कम जसजशी वाढते तसतसे शुल्काचे प्रमाण घटत जाते आणि एका कमाल मर्यादेनंतर ते वाढायचेच थांबते. साहजिकच, लहान दावा लावणारा आपल्या मागणीचा जेवढा हिस्सा शुल्कापोटी देतो, तेवढा कोट्यवधींचा दावा लावणारा देत नाही. प्राप्तिकराची रचना कोणी अशी केली असती, तर तिच्यावर केवढी टीका झाली असती! राज्याने न्यायदानातून नफा कमावू नये, असे मत मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ सालच्या आपल्या चौदाव्या अहवालात स्पष्टपणे मांडले होते. त्यानंतर सहा दशकांहून अधिक काळ लोटला, पण शुल्क आधी भरण्याची रीत तशीच आहे.

प्रत्येक वादी पीडित नसतो

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. वादीचा एवढा कैवार कशासाठी? वादी नेहमी दुबळा आणि प्रतिवादी नेहमी दांडगा असतो काय? महाराष्ट्राच्या इतिहासातील तीन प्रसंग या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच देतात.

पहिला प्रसंग १८७५ सालचा. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे मे महिन्यात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ले केले आणि पुढे हे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. त्यांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. ते कागद हस्तगत करून जाळण्यात आले. त्या काळी वादी होता सावकार. अक्षरशत्रू कुणबी प्रतिवादी म्हणून न्यायालयात फिरकतच नसे आणि त्याच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामे होत. १८५९ च्या कायद्याने कर्जाच्या दाव्यास ३ वर्षांची मुदत घातली ती ऋणकोला दिलासा मिळावा म्हणून. प्रत्यक्षात सावकार दर ३ वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले. कायद्याचा हेतू एक आणि परिणाम भलताच, याचे यापेक्षा बोलके उदाहरण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला क्वचितच सापडेल.

दुसरा प्रसंग रखमाबाईंचा. बालपणी झालेले लग्न त्यांना मान्य नव्हते आणि नवऱ्याच्या घरी नांदण्यास त्यांनी नकार दिला. १८८४ साली नवऱ्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला, पण अपिलात तो फिरला आणि १८८७ साली नांदायला जा किंवा ६ महिने तुरुंगात जा, असा पेच त्यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली आणि पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. इतिहासाने त्यांचे नाव जपले ते प्रतिवादी म्हणून.

तिसरा प्रसंग महाडचा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी न्यायालयात दावा दाखल केला आणि तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. न्यायालयाचा मान राखून त्या महिन्याअखेरचा नियोजित सत्याग्रह स्थगित करण्यात आला. म्हणजे, पाण्याच्या हक्कासाठी लढणारे बाबासाहेब प्रतिवादी होते आणि पाणी नाकारणारे वादी! पण ज्याने हक्क सांगितला त्यानेच तो सिद्ध केला पाहिजे, हे तत्त्व या ठिकाणी दुबळ्यांच्या कामी आले. आपली वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे वादींना शाबीत करता आले नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. दावा दाखल झाल्यापासून सव्वानऊ वर्षे उलटली होती.

या तीनही प्रसंगांतून निघणारे तात्पर्य एकच आहे. वादी हा शब्द नीतीच्या दृष्टीने कोरा आहे. त्यात कोण जाऊन बसतो हे समाजातील सत्तेच्या आणि संपत्तीच्या वाटपावर ठरते. ज्याच्याजवळ पैसा, वेळ, कागद आणि वकील आहे तो सहज वादी होतो. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही, तो जन्मभर प्रतिवादी तरी राहतो किंवा न्यायालयाबाहेर तरी. तेव्हा खरा प्रश्न वादी चांगला की वाईट हा नसून, ज्याचा हक्क बुडाला त्याला वादी होणे परवडते की नाही, हा आहे.

विलंबाचे गणित

परवडणे म्हणजे काय, ते एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका शिक्षकाने आपल्या परिचितास १ लाख रुपये उसने दिले आणि ते बुडाले. शिक्षकाने दावा लावला आणि १० वर्षांनी त्याला पूर्ण यश मिळाले. न्यायालयाने मुद्दलावर दरसाल ६ टक्के सरळ व्याज दिले, असे धरू. दावा चालू असतानाचे व्याज न्यायालयाच्या विवेकावर असते. हुकूमनाम्यानंतरचे व्याज मात्र, व्यापारी व्यवहार वगळता, संहितेच्या चौतिसाव्या कलमानुसार ६ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. शिक्षकाच्या हाती १ लाख ६० हजार रुपये येतील. या १० वर्षांत भाववाढ दरसाल ६ टक्केच झाली, तरी १ लाखाची मूळ खरेदीशक्ती टिकवण्यासाठी १ लाख ७९ हजार रुपये लागतील. म्हणजे दावा जिंकूनही शिक्षक १९ हजारांनी मागे पडला. यात वकिलाची फी, तारखांचे हेलपाटे आणि बुडालेल्या रजा धरलेल्याच नाहीत.

आता प्रतिवादीचे गणित पाहा. तेच १ लाख रुपये त्याने दरसाल ९ टक्के चक्रवाढीने गुंतवले असतील, तर १० वर्षांनी त्याचे २ लाख ३६ हजार होतात. हरल्यावर १ लाख ६० हजार भरूनही ७६ हजार त्याच्या खिशात उरतात. अशा माणसाने लवकर पैसे का द्यावेत? तारखा वाढवून घेणे ही त्याची लबाडी खरीच, पण प्रचलित नियमांनी ती किफायतशीर करून ठेवली आहे. न्यायालयातील विलंब हा केवळ व्यवस्थेचा आळस नव्हे. तो वादीच्या खिशातून प्रतिवादीच्या खिशात जाणारा मूक कर आहे. देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत मिळून ४ कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत आणि त्यांत दिवाणी प्रकरणे १ कोटीहून अधिक आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे हा कर केवढ्या प्रमाणावर वसूल होत असेल याची कल्पना येते.

निकालाने तरी सुटका होते काय? हिंदुस्थानात पक्षकाराच्या खऱ्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असा अभिप्राय प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली नोंदवला होता. हुकूमनामा हाती आला की वादी ‘डिक्रीदार’ होतो आणि पुन्हा दरखास्त घेऊन त्याच न्यायालयाच्या दारात उभा राहतो. मग जप्तीचा हुकूम, बेलिफाची फेरी, आडवे येणारे तिऱ्हाईत हक्कदार आणि पुन्हा तारखा. दरखास्त ६ महिन्यांत निकाली काढावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली बजावले. तरी २०२५ साली त्याच न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार देशभर ८ लाखांहून अधिक दरखास्ती पडून होत्या आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा होता.

खर्चाची भरपाई हा आणखी एक मुद्दा. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च सोसावा, ही इंग्लंडमधील रीत किती कठोर असू शकते, याचा अनुभव लोकमान्य टिळकांनी घेतला. व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावर त्यांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. त्यात ते वादी होते. १९१९ साली तो दावा ते हरले आणि खर्चाचा प्रचंड बोजा त्यांच्यावर पडला. आपल्याकडे तत्त्व तेच, पण व्यवहार उलटा. निकालात लिहिला जाणारा खर्च आणि प्रत्यक्षात झालेला खर्च यांचा मेळ क्वचितच बसतो. दिला जाणारा खर्च वास्तवाला धरून असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केले होते. जाणूनबुजून केलेला खोटा दावा किंवा घेतलेला खोटा बचाव यांबद्दल संहितेच्या ‘३५ अ’ कलमाखाली देता येणाऱ्या भरपाईची कमाल मर्यादा मात्र १९७६ च्या दुरुस्तीने ठरवलेलीच आहे : ३ हजार रुपये! त्या काळी कारकुनाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी असलेली ही रक्कम आज खोटे बोलणाऱ्याला कितपत धाक घालणार?

ना गरीब, ना श्रीमंत

गरीब वादीसाठी कायद्याने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शुल्क भरण्याची ऐपत नसलेल्यास नादार म्हणून दावा लावता येतो. संहितेतील जुना हिणवणारा शब्द काढून १९७६ च्या दुरुस्तीने ‘निर्धन व्यक्ती’ हा शब्द घातला. हे शुल्क माफ होत नाही, पुढे ढकलले जाते आणि निकालानंतर वसुलीस पात्र ठरते. जुन्या हरकीचाच हा एक दूरचा आप्त म्हणावा लागेल. त्याच वर्षीच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेविषयक साहाय्याचे तत्त्व ‘३९ अ’ या अनुच्छेदात आले. ते अमलात आणणारा कायदा १९८७ साली संमत झाला आणि १९९५ साली लागू झाला. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, औद्योगिक कामगार, अपंग यांना त्यानुसार सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेले शुल्क परत मिळते. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने जनहित याचिकेचे दार उघडले आणि स्वतः न्यायालयात येऊ न शकणाऱ्यांच्या वतीने इतरांना दाद मागता येऊ लागली. मुंबईतील पोलीस कोठड्यांतील स्त्रियांच्या दुःस्थितीबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी पाठवलेल्या पत्राची याचिका झाली आणि १९८३ साली त्यावर सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचे निर्देश दिले.

ही दारे उघडली ते उत्तमच झाले. परंतु जनहित याचिकेने बुडालेले हातउसने पैसे परत मिळत नाहीत आणि घरातील हिस्साही मिळत नाही. त्यासाठी दावाच लावावा लागतो. येथे अडकतो तो मधला माणूस. मोफत साहाय्य मिळण्याइतका तो गरीब नाही आणि १० वर्षे वकील पोसण्याइतका श्रीमंत नाही. शिक्षक, कारकून, लहान दुकानदार, निवृत्तिवेतनावर जगणारा वृद्ध, हा वर्ग कायद्यावर सर्वांत अधिक विश्वास ठेवतो आणि दावा लावायला सर्वांत अधिक कचरतो.

दुर्दैव असे की, ही कोंडी फोडण्याचा मार्ग सरकारला माहीत आहे आणि एका वर्गापुरता तो खुलाही केला आहे. २०१५ च्या वाणिज्य न्यायालयांच्या कायद्याने व्यापारी दाव्यांपुरती दिवाणी संहिता बदलली. हरणाऱ्याने खर्च द्यावा हा सर्वसाधारण नियम तेथे स्पष्ट शब्दांत घातला, त्या खर्चात वकिलाच्या वाजवी फीचा समावेश केला आणि ३ हजारांची मर्यादा घालणारे ते पोटकलमच त्या दाव्यांपुरते वगळले. हुकूमनाम्यानंतर ६ टक्क्यांहून अधिक व्याज देण्याची मुभा व्यापारी व्यवहारांना आधीपासूनच होती. म्हणजे, एकाच इमारतीत, एकाच संहितेखाली दोन प्रकारचे वादी नांदत आहेत. कारखानदाराच्या थकलेल्या बिलाला एक न्याय आणि शिक्षकाच्या बुडालेल्या बचतीला दुसरा. विलंबाची झळ कारखान्याला अधिक लागते आणि संसाराला कमी, असे कोणत्या अर्थशास्त्राने सिद्ध केले आहे?

दावे सुलभ झाले की खोट्या दाव्यांचा पूर येईल, ही भीती नेहमी घातली जाते. १८७५ चा अनुभवही तिच्या पुष्ट्यर्थ पुढे करता येईल. पण त्या अनुभवातून तेव्हाच्या सरकारने काय धडा घेतला, हेही पाहिले पाहिजे. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य देणारा कायदा झाला तेव्हा न्यायालयांची दारे बंद करण्यात आली नाहीत. रोख्यावरील आकड्यावर विसंबू नका, त्यामागील व्यवहाराचा मुळापासून शोध घ्या, असे न्यायाधीशांना सांगण्यात आले. पारडी समान करणे हाच त्यावरील उपाय होता. आजही तोच आहे. खोट्या दाव्याला जबर खर्चाचा धाक असावा आणि खोट्या बचावालाही तितकाच. दिरंगाई करणाऱ्याला तिचा फायदा मिळू नये, इतका व्याजाचा दर बाजाराशी निगडित असावा. लहान दाव्यांवरील शुल्क नाममात्र असावे किंवा निकालानंतर हरणाऱ्याकडून घ्यावे. ग्राहक आयोगांपुढे ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क लागत नाही. त्याने राज्याची तिजोरी रिकामी झाल्याचे ऐकिवात नाही.

या सुधारणांकडे कोणी वादीवर केलेली मेहेरबानी म्हणून पाहू नये. एखाद्या चाळीतील एक भाडेकरू बेकायदा वाढीविरुद्ध दावा लावतो आणि जिंकतो, तेव्हा शेजारच्या दहा चाळींतील भाडेकरूंना वेगळा दावा न लावताच त्याचा लाभ होतो, कारण त्यांचे मालक सावध होतात. एक बहीण आपला हिस्सा मिळवते, तेव्हा त्या गावातील अनेक भाऊ वाटणीच्या कागदावर बहिणींची नावे घालू लागतात. लाभ सर्वांना आणि खर्च एकट्याला, अशी ज्या गोष्टींची स्थिती असते त्या समाजाला नेहमीच गरजेपेक्षा कमी मिळतात, हा अर्थशास्त्रातील प्राथमिक सिद्धान्त आहे. रस्त्यावरचा दिवा एकाच घराच्या खर्चाने जळत राहावा, अशी अपेक्षा कोणी करीत नाही.

कायदे विधिमंडळात संमत होतात, पण त्यांच्यात जीव येतो तो कोणीतरी वादी होऊन त्यांचा आधार घेतो तेव्हा. बुडवणारा, दाबणारा, टाळणारा जो थोडाबहुत वचकतो, तो कायद्याच्या पुस्तकाला नव्हे, तर समोरचा माणूस दावा लावील या शक्यतेला. प्रत्येक शहाण्याने कोर्टाची पायरी टाळली, तर ही शक्यताच संपते आणि मागे उरतो तो बळी तो कान पिळी हा न्याय. पायरी चढणाऱ्याला वेड्यात काढण्यापेक्षा ती पायरी इतकी उंच कोणी बांधली, हे विचारणे अधिक शहाणपणाचे ठरेल.